हवापाणी

आमच्या घरी लाफिंग बुद्धा आला तो 2009 सालच्या भाऊबिजेला. वन्संनी भावाला ओवाळलं, ताटात पडलेलं पाकीट उचललं आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून टीपॉयवर ठेवलं. "हा आपला आपण विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी द्यावा लागतो. तुम्हाला कोण देणार? म्हणून मीच आणला." मग टीव्हीच्या शोकेसमध्ये, मुलाच्या बुद्धिबळाच्या ढालीशेजारी, तोंड दाराकडे करून त्याची स्थापना झाली. पुढच्या भाऊबिजेला फेंग शुईतलंच सहा नळ्यांचं विंड चाइम आलं. त्याच्या पुढच्या वर्षी लाल फितीत बांधलेली, मधे चौकोनी भोक असलेली तीन नाणी. तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक नेमका कधी आला ते आठवत नाही. पण त्याचं तोंड घराच्या आत हवं, बाहेर केलं तर तो पैसा घेऊन उडी मारतो, हे वन्सं फोनवरसुद्धा बजावायच्या. फडका मारताना आमच्या बाईंच्या हातून तो फिरला की मला धस्स व्हायचं. विश्वास अजिबात नव्हता, तरी धस्स व्हायचंच.

विश्वास नसण्याचं कारण माहेर. वडील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सभांना जायचे, नरेंद्र दाभोलकरांची भाषणं त्यांनी समोर बसून ऐकलेली. वास्तुशास्त्र हा शब्द आमच्या घरी फक्त विनोदात यायचा. 'घर फिरलं की घराचे वासे फिरतात' ही म्हण वडील उलटी करून सांगायचे: "हल्ली आधी वासे फिरवतात, मग त्या खर्चानं घर फिरतं." त्यामुळे सासरी बेडूक-बुद्ध आले तेव्हा मी हसून घेतलं आणि वन्संचं मन मोडायचं नाही म्हणून सगळं जागच्या जागी राहू दिलं.

मार्च 2020 मध्ये माझं ऑफिस घरी आलं आणि राहिलं. काम हिशेब तपासणीचं, म्हणजे दिवसभर आकडे. बेडरूममध्ये एकच जागा रिकामी होती, दारासमोरच्या भिंतीशी. तिथे टेबल टाकलं. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे, डोक्यावर ट्यूबलाइट. उत्तरेची खिडकी होती, पण तिच्यातून समोरच्या बिल्डिंगचे ड्रेनेजचे पाइप दिसायचे, म्हणून तिला कायम पडदा. डोंबिवलीतल्या साडेसहाशे स्क्वेअर फुटांत चार माणसं राहतात, तिथे यापेक्षा बरी जागा मागणं म्हणजे चैनच.

पुढच्या दोन वर्षांत मी कशी होत गेले ते मला कळलं नाही, घरच्यांना कळलं. संध्याकाळी पाच वाजले की चिडचिड सुरू व्हायची. मुलगा मागून येऊन "आई, चार्जर" एवढंच म्हणायचा आणि मी खुर्चीतून उडायची. सासूबाई अनवाणी, आवाज न करता चालतात. त्या चहा घेऊन आल्या की दचकून दोनदा कप सांडला. दुपारी डोकं जड, रात्री झोप नाही. एकदा मी तिन्हीसांजेला कातावून "या घरात जीव गुदमरतो माझा" असं म्हणाले. सासूबाई देवापाशी वात सारत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "अगो, असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

वन्संच्या कानावर हे गेलं आणि त्या लकी बांबू घेऊन आल्या. तीन देठांचा, काचेच्या भांड्यात, लाल रिबीन. हा बांबू बांबू नाही आणि चीनचाही नाही. ते आफ्रिकेतलं ड्रॅसीना जातीचं झाड आहे, हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. वन्संचा चेहरा उतरला. त्या गेल्यावर सासूबाईंनी बांबूच्या भांड्यात पाणी घातलं आणि विचारलं, "पण हे फेंग शुई म्हणजे काय गो नक्की?"

"चिनी शब्द आहे आई. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी."

"म्हणजे हवापाणी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी बराच वेळ त्या भांड्यासमोर बसून राहिले. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आपल्याकडे माणूस आजारी पडून उठला की त्याला हवापाणी बदलायला पाठवत. मुलगी लग्न होऊन परक्या गावी गेली की पहिल्या पत्रात विचारायचं, तिथलं हवापाणी मानवलं का. या शब्दात बेडूक नाही, नाणी नाहीत, कुठली मूर्ती नाही. जागा आहे आणि त्या जागेत राहणारं माणसाचं शरीर आहे. वन्संकडून आलेली चार-पाच वर्षांची भाऊबीज घरभर मांडलेली होती; तिच्यात वारा आणि पाणी मिळून त्या बांबूच्या भांड्यातलं वाटीभर पाणी तेवढं होतं.

मग मी वाचायला लागले. आधी वन्संना चूक ठरवायला, हे कबूल करते. पहिला शोध लाफिंग बुद्धाचा लागला. तो गौतम बुद्ध नव्हेच. दहाव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये फिरणारा बुदाई नावाचा एक ढेरपोट्या भिक्षू. बुदाई म्हणजे कापडी थैली. पाठीवर थैली टाकून हिंडणारा म्हणून हे नाव, आणि पुढे लोकांनी त्याला येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचा अवतार मानलं. म्हणजे आपल्याकडचा झोळीवाला बाबाच. मला तो एकदम आवडायला लागला.

दुसरी गोष्ट कळली ती अशी की या विद्येचा एक जुना पाया घरासाठी नाही, थडग्यासाठी घातलेला आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेल्या ग्वो पू नावाच्या विद्वानाच्या नावावर दफनाविषयीचा एक ग्रंथ सांगतात. त्यात म्हटलंय की 'ची' (हा आपला षष्ठीचा प्रत्यय नव्हे, त्यांचा प्राण) वाऱ्यावर स्वार झाली की विखुरते आणि पाण्याशी आली की थांबते. पूर्वजांना कुठे ठेवलं की त्यांना वारा झोंबणार नाही, पाणी जवळ असेल पण थडग्यात शिरणार नाही, याचा तो विचार. तोच विचार जिवंत माणसांच्या घरांनाही लागला. उत्तम जागा म्हणजे मागे डोंगर, दोन्ही बाजूंना कमी उंचीचे सुळके, समोर मोकळी सपाट जागा आणि तिच्यापुढे वाहतं पाणी. मागे कासव, डावीकडे ड्रॅगन, उजवीकडे वाघ, समोर लाल पक्षी अशी त्याची नावं. थोडक्यात, हात टेकायला दांड्या असलेली आरामखुर्ची.

हे वाचताना डोळ्यांसमोर चीन आलाच नाही. राजापूर तालुक्यातलं आमचं सासरचं घर आलं, जे आता गणपतीला आणि मे महिन्यात उघडतं. मागे डोंगराचा उतार, त्यावर काजू आणि दोन हापूस. समोर शेणानं सारवलेलं खळं, मधे तुळस. चार पायऱ्या उतरलं की भाताचे मळे, मळ्यांच्या पलीकडे पऱ्या, म्हणजे ओढा. ओटीवर पाठ भिंतीला लावून बसलं की येणारा माणूस पार खालच्या बांधापासून दिसतो. त्याला पोचायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात चहाचं आधण ठेवता येतं. ज्यांनी ते घर बांधलं त्यांनी ड्रॅगनचं नाव ऐकलं असण्याची शक्यता शून्य. डोंगरातून दगड कुठून गडगडतात, पाणी कुठून उतरतं, भाताची जमीन घरात घालवायची नाही, एवढं त्यांना कळत होतं आणि तेवढं पुरलं.

पण एका बाबतीत चीनचं घर आणि आमचं घर समोरासमोर भांडतात, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या भांडणात आहे. चिनी घराचं तोंड दक्षिणेला. तिकडे हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडा, हाडं गोठवणारा वारा येतो आणि सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. मग घर उत्तरेला पाठ करून उन्हाकडे तोंड करणार नाही तर काय करेल? सम्राटसुद्धा दक्षिणेकडे तोंड करून बसायचा. होकायंत्राला त्यांच्या भाषेत नावच आहे 'दक्षिण दाखवणारी सुई'. बीजिंगचा राजवाडा 1406 ते 1420 या काळात बांधला, तो दक्षिणमुखी. त्याच्या मागे सोयीचा डोंगर नव्हता, तर खंदक खणताना निघालेली माती रचून त्यांनी डोंगर केला. तो अजून तिथे आहे.

आणि आपल्याकडे? दक्षिण म्हणजे यमाची दिशा. दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही. दक्षिणमुखी शोभतो तो मारुती. फ्लॅट बघायला गेलं की एजंट आवाज खाली आणून सांगतो, "मॅडम, साउथ फेसिंग आहे म्हणून या भावात मिळतोय." आमच्या कोकणात उत्तरेच्या थंड वाऱ्याची कुणाला भीती? आमचा वैरी जूनमध्ये नैऋत्येकडून येतो, आडवा, झोडपत. म्हणून पावसाच्या तोंडावर पडवीच्या पश्चिमेच्या अंगाला माडाची झापं बांधायची. 'नैऋत्येला जड ठेवावं, उघडं ठेवू नये' असं वास्तुशास्त्र सांगतं त्याच्या मुळाशी निदान आमच्या बाजूला तरी ही पावसाची झोड असावी, असा माझा आपला तर्क आहे. शास्त्री लोक मान्य करणार नाहीत. पण तर्क खरा असेल तर दोन्हीकडचे नियम आपापल्या हवेतून उगवलेत. बीजिंगचा नियम डोंबिवलीत लावायचा म्हणजे बीजिंगचा स्वेटर डोंबिवलीत घालायचा.

2017 साली आम्ही टूरबरोबर हाँगकाँगला गेलो होतो. तेव्हा मी ही माहिती कानाआड केली, आता आठवली. आमच्या गाइडनं सेंट्रल भागात उभं करून एचएसबीसी बँकेची इमारत दाखवली, नॉर्मन फॉस्टर यांनी केलेली, 1985 ची. तिच्या समोरची जागा बंदराच्या दिशेनं मोकळी ठेवलेली. शेजारी आय. एम. पेई यांनी केलेला बँक ऑफ चायनाचा मनोरा, 1990 चा, सुरीच्या पात्यासारख्या कडांचा. त्या कडा आसपासच्या इमारतींना कापतात असं लोक म्हणायला लागले. एचएसबीसीच्या गच्चीवर काचा पुसायच्या क्रेन आहेत, त्यांच्या नळ्या त्या मनोऱ्याकडे रोखलेल्या तोफांसारख्या दिसतात, आणि त्या मुद्दाम तशा ठेवल्यात असं गाइड हसत हसत सांगत होता. रिपल्स बे भागात एका उंच निवासी इमारतीच्या मधोमध भलंमोठं चौकोनी भोक आहे. डोंगरातल्या ड्रॅगनला समुद्रावर पाणी प्यायला जाता यावं म्हणून, असं सगळे सांगतात. 2005 साली तिथलं डिस्नेलँड उघडलं तेव्हा फेंग शुईच्या सल्ल्यानं प्रवेशद्वार बारा अंश फिरवलेलं होतं. खुद्द चीनमध्ये 1949 नंतर सरकारनं या विद्येला अंधश्रद्धा म्हणून दाबलं, हाँगकाँगमध्ये ती उघडपणे नांदली. ड्रॅगनवर माझा विश्वास नाही. पण एवढ्या महागड्या जमिनीवर, बारीक खिडक्यांच्या त्या जंगलात, समुद्राचा वारा मागच्या डोंगरापर्यंत पोचायला एक भोक कुणीतरी सोडलंय, हे बघायला मला बरं वाटलं होतं.

वाचून झाल्यावर मी टेबल फिरवलं. एका रविवारी, मुलाला हाताशी घेऊन. पाठ भिंतीला, दार तिरकं समोर. फेंग शुईवाले याला हुकमाची जागा म्हणतात: दार दिसावं, पण आपण दाराच्या थेट रेषेत नसावं. जे ॲपलटन नावाच्या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञानं 1975 साली जवळपास हेच ड्रॅगनशिवाय मांडलं. आपण लपलेले असू आणि समोरचं आपल्याला दिसत असेल, अशी जागा माणसाला सुखाची वाटते. झाडाच्या खोडाला टेकून माळाकडे बघणारा माणूस, किंवा हॉटेलात शिरल्यावर कोपऱ्यातलं टेबल धरणारे आपण सगळे. पहिल्या आठवड्यात बाकी काही बदललं नाही, फक्त माझं दचकणं थांबलं. दिवसाला वीस वेळा दचकणारी बाई एकदम शून्यावर आली तर संध्याकाळी तिच्यात थोडं त्राण उरतंच. हे मला कुठल्याही शास्त्राशिवाय कळायला हवं होतं. कुत्रंसुद्धा दाराकडे पाठ करून झोपत नाही.

मग खिडकी. आमच्या बेडरूमला दुसरी एक खिडकी आहे, पश्चिमेच्या भिंतीत, नैऋत्य कोपऱ्याला लागून. 'आहे' म्हणते कारण ती मी सोळा वर्षांत पाहिली नव्हती. 2006 साली राहायला आलो तेव्हा वन्संनी बोलावलेल्या वास्तुतज्ज्ञांनी नैऋत्येला जड वस्तू ठेवा सांगितलं होतं, आणि आमच्याकडे जड म्हणजे लोखंडी कपाट. ते त्या खिडकीला पाठ लावून उभं राहिलं. पावसाला अडवणारा नियम तिसऱ्या मजल्यावर, सज्जाखाली, काचेच्या खिडकीवर जाऊन बसला आणि एप्रिलची संध्याकाळची खाऱ्या वाऱ्याची झुळूक सोळा वर्षं कपाटाच्या पाठीवर आपटत राहिली.

कपाट हलवायचं म्हणजे आधी रिकामं करायचं. वरून चार बॅगा, आतून जुन्या पॉलिसींच्या फायली, बंद पडलेले तीन मोबाइल, मुलाचे बालवाडीपासूनचे गणवेश, दोन मिक्सरची भांडी ज्यांचे मिक्सर नाहीत. लॉस एंजेलिसमधल्या तीस जोडप्यांना संशोधकांनी आपापलं घर फिरून दाखवायला सांगितलं होतं. 2010 साली तो अभ्यास आला. ज्या बायका घराबद्दल बोलताना पसारा आणि राहून गेलेली कामं यांचीच भाषा करत होत्या, त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक दिवस कलला तरी नीट उतरत नव्हतं. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तू पसारा म्हणायचं सोडलंस तरी काम होईल." चार दिवस बोलले नाही त्याच्याशी. नंतर वाटलं, अगदीच चूक नव्हता. पसाऱ्यानं ताण येतो की ताणात असलेल्या बाईला पसारा जास्त दिसतो, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही.

खिडकीची गोष्ट मात्र मला जास्त पटली. रॉजर उलरिच यांनी 1984 साली 'सायन्स' नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी मांडल्या. पित्ताशय काढलेले 46 रुग्ण. त्यातल्या 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसत, 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले ऑपरेशननंतर सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत, आणि झाडंवाल्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. फरक पाऊण दिवसाचाच आणि माणसंही थोडी, पण मी ड्रेनेजच्या पाइपांवरचा पडदा आणि समोरची भिंत दोन वर्षं बघितलीय, मला कुणी पटवून द्यायला नको. उलट घरातल्या कुंड्या हवा शुद्ध करतात हे जे वन्संच्या ग्रुपवर फिरतं, त्यात दम नाही. नुसती खिडकी उघडून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील, असा हिशेब झालेला आहे. मग आम्ही राहायचं कुठे, जिन्यात?

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ उठेना, जेवेना, कुणाशी बोलेना झाला तेव्हा त्याच्या घरच्यांनी आधी संडासाची जागा बदलली, मग आरसे काढले, मग पितळेचं काहीतरी जमिनीत पुरलं. डॉक्टरकडे न्यायला वर्ष लागलं. त्या वर्षात त्याला रोज ऐकवलं जात होतं की घराचा दोष आहे, आणि ते घर त्यानं पसंत केलेलं होतं. मला जे झालं ते दचकणं आणि उजेडाचा उपास होता. त्याला झाला तो आजार होता. पलंगाची दिशा बदलून त्याला काय मिळणार होतं?

कपाट शेवटी नवरा, मुलगा आणि वॉचमन अशा तिघांनी सरकवलं. मागे भिंतीला 2006 चा मूळ पिस्ता रंग, जाळ्या, एक रबरी चेंडू आणि माझं एक मोत्याचं कानातलं, ज्याच्यावरून मी तेव्हाच्या बाईंवर मनातल्या मनात संशय घेतला होता. त्या बाई कधीच्या गावी निघून गेल्या. खिडकी गंजून बसली होती. सुतारानं तासभर ठोकल्यावर उघडली. बाहेर शेजारच्या सोसायटीचं जांभळाचं झाड, आम्ही आलो तेव्हा कमरेएवढं होतं असं नवरा सांगतो, आता आमच्या मजल्याच्या वर गेलंय. साडेपाच वाजले होते. वारा आत आला, पलंगावरची चादर उचलली, पॅसेजमधून हॉलमध्ये गेला आणि बाल्कनीच्या दारातून बाहेर पडला.

आणि विंड चाइम वाजलं. 2010 पासून ते बाल्कनीच्या दारात लटकत होतं आणि इतक्या वर्षांत फक्त नवऱ्याचं डोकं आपटलं की वाजायचं. आम्ही सगळे हॉलमध्ये जाऊन बघत उभे राहिलो. सासूबाईंनी हात जोडले.

रात्रभर वाजलं. दोन वाजता सासूबाई उठून बसल्या. तीनला मी स्टुलावर चढून सहाही नळ्या केसांच्या रबरबँडनं एकत्र बांधल्या. सकाळी त्या चहा पिता पिता म्हणाल्या, "काढूनच ठेव ते. पण भाऊबिजेला आठवणीनं लाव, नाहीतर तिला वाईट वाटेल." मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलंय, कपाट आता दक्षिणेच्या भिंतीला आहे. बेडूक मात्र शोकेसमध्येच आहे, आणि खिडकीतला वारा सुरू झाल्यापासून तो आपोआप थोडाथोडा बाहेरच्या बाजूला सरकतो. केर काढताना मी त्याला आत वळवून ठेवते.